बफर कमी करत राहायचं की डायरेक्ट मॉनिटरिंगवर यायचं?

गाताना किंवा वाजवताना स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा येतो, या त्रासावर घरच्या स्टुडिओत दोन उपाय चालतात. पहिला, कॉम्प्युटर इतका चोख करायचा की बफर (पुढे जाण्याआधी आवाज ज्यात थोडा थोडा गोळा होतो तो छोटा साठा) ६४ किंवा १२८ सॅम्पलवर, म्हणजे आवाजाच्या तेवढ्या मोजमापांवर, ठेवूनही तो अडखळणार नाही, आणि आवाज सॉफ्टवेअरमधूनच ऐकायचा. दुसरा, बफर निवांत मोठा ठेवायचा आणि स्वतःचा आवाज कॉम्प्युटरकडे जाण्याआधीच इंटरफेसमधून, म्हणजे माइक आणि हेडफोन कॉम्प्युटरला जोडणाऱ्या पेटीतून, परस्पर हेडफोनला वळवायचा. यालाच डायरेक्ट मॉनिटरिंग म्हणतात. मी दोन्ही पद्धतींनी भरपूर रेकॉर्डिंग केलं आहे, मुख्यतः गायन आणि गिटार, थोडं कीबोर्ड. तुमच्यासाठी कुठली बरी हे तुम्ही काय रेकॉर्ड करता यावर बरंचसं अवलंबून आहे. तरीही मी पूर्ण तटस्थ आहे असं म्हणणार नाही.

आधी थोडा हिशोब, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ४८ हजार सॅम्पल घेताना, ६४ सॅम्पलचा बफर म्हणजे १.३३ मिलिसेकंद, १२८चा २.६७ आणि २५६चा ५.३३. हे एका बाजूचे आकडे झाले. आवाज आत येताना एक बफर लागतो, बाहेर जाताना दुसरा, शिवाय कन्व्हर्टरचा (आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा पुन्हा आवाज करणाऱ्या भागाचा) वेळ आणि यूएसबी ड्रायव्हरने खबरदारी म्हणून स्वतःकडे राखलेली जादा जागा. म्हणून १२८वर जाऊन-येऊन ५.३३ दिसत असले तरी प्रत्यक्षात त्यात आणखी काही मिलिसेकंदांची भर पडते. ती किती, हे ड्रायव्हर लिहिणाऱ्यावर अवलंबून. सारख्याच बफरवर दोन इंटरफेस हाताला वेगळे का वाटतात, त्याचं कारण हेच.

आता हा उशीर खटकतो कधी? हवेतून आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. अँपपासून तीन मीटरवर उभा असलेला गिटारवादक जवळजवळ ९ मिलिसेकंद उशिरानेच स्वतःला ऐकत असतो आणि त्याची त्याबद्दल काही तक्रार नसते. गायकाचं तसं नाही. त्याला स्वतःचा आवाज कवटीच्या हाडांमधून लगेच ऐकू येतो आणि हेडफोनमधला उशिराचा आवाज त्याच्यात मिसळतो. दोन्ही मिसळले की काही कंप्रता एकमेकींना खाऊन टाकतात. ५ मिलिसेकंदांच्या उशिराला १०० हर्ट्झवर पहिली खाच पडते आणि मग दर २०० हर्ट्झवर एक. उशीर म्हणून हे कुणाला जाणवत नाही, आवाज पोकळ झाल्यासारखा वाटतो. गाणारा म्हणतो, ‘आज माझा आवाज बारीक लागतोय,’ आणि जोर लावायला लागतो. सुरावर त्याचा परिणाम होतोच. गायनाच्या बाबतीत ‘१० मिलिसेकंदांपर्यंत चालतं’ हा सरसकट नियम मला म्हणूनच पटत नाही.

कॉम्प्युटर चोख करण्याचा रस्ता

या रस्त्यावर पहिल्यांदा डोक्यातून काढायची गोष्ट म्हणजे सरासरी वेग. बफर म्हणजे रहाटगाडग्याचे पोहरे. पोहरे लहान केले की पाणी लवकर वर येतं, पण प्रत्येक पोहरा वेळेत भरलाच पाहिजे. ६४ सॅम्पलवर प्रोसेसरला सेकंदाला ७५० वेळा, दर वेळी १.३३ मिलिसेकंदांच्या आत, सगळ्या प्लगिनचं (आवाजावर इफेक्ट चढवणाऱ्या किंवा वाद्यांचे आवाज काढणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचं) गणित पुरं करून द्यायचं असतं. त्यातली ७४९ वेळा त्याने लीलया करून दिली आणि एकदा उशीर केला, तरी आवाजात भोक पडतं. मीटर २० टक्के भार दाखवत असतानाही हेडफोनमध्ये ‘कट्ट’ होतं ते यामुळे.

विंडोजवर हा एखादा उशीर बहुतेक वेळा तुमच्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमुळे होत नाही. इतर ड्रायव्हर आपलं काम उरकायला प्रोसेसर क्षणभर अडवून धरतात, त्याला डीपीसी म्हणतात. हा क्षण लांबला की ऑडिओचा नंबर हुकतो. ‘लेटन्सीमॉन’ हा छोटा प्रोग्रॅम चालू ठेवला की कुठला ड्रायव्हर किती वेळ अडवतो ते नावानिशी दिसतं. नेहमीचे संशयित म्हणजे वायफाय, ग्राफिक्स कार्ड आणि लॅपटॉपमध्ये बॅटरीची खबर ठेवणारा एसीपीआय ड्रायव्हर. वायफाय आणि ब्लूटूथ डिव्हाइस मॅनेजरमधून बंद केले की पुष्कळ मशिनं तेवढ्यावरच शांत होतात. दुसरी मोठी गोष्ट वीज वाचवण्याची. प्रोसेसर काम नसताना झोपतो आणि उठायला वेळ घेतो. पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद, लॅपटॉप चार्जरवर, आणि त्यानेही भागलं नाही तर बायॉसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन सी-स्टेट्स, म्हणजे प्रोसेसरच्या या झोपेच्या पायऱ्या, बंद. यात मशीन गरम राहतं आणि पंखा बोलायला लागतो. तोच पंखा मग माइकमध्ये येतो, हे लॅपटॉपवाल्यांनी लक्षात ठेवावं.

इंटरफेस हबमध्ये न लावता थेट मशीनच्या पोर्टमध्ये लावा, प्रोजेक्टचा आणि सॅम्पलचा फोल्डर अँटिव्हायरसच्या तपासणीतून वगळा, आणि उत्पादकाचा स्वतःचा असिओ (कमी उशिराने आवाज नेणारा विंडोजवरचा) ड्रायव्हर वापरा. असिओ फोर ऑल हा विंडोजच्याच ड्रायव्हरवर चढवलेला असिओचा मुखवटा आहे. मशीनच्या अंगच्या साउंड कार्डवर तो अडीअडचणीला उपयोगी, पण चांगला इंटरफेस हाताशी असताना त्याची गरज नाही.

मॅकवर यातलं फारसं काही करावं लागत नाही, कोअर ऑडिओ ही त्याची आवाजाची यंत्रणा बऱ्यापैकी तयार मिळते. लिनक्सवर अगदी लहान बफर सगळ्यात शांतपणे चाललेला मी पाहिला आहे. पूर्वी रिअल-टाइम कर्नलसाठी (वेळेची हमी पाळणाऱ्या सिस्टिमच्या गाभ्यासाठी) वेगळे पॅच लावावे लागत, ते काम आता मूळ कर्नलमध्येच, नोव्हेंबर २०२४च्या ६.१२ आवृत्तीपासून आलं आहे. फक्त तिकडे जाण्याआधी आपले नेहमीचे प्लगिन आणि इंटरफेस तिथे चालतात का ते बघावं लागतं, आणि अनेकांचा विषय तिथेच संपतो.

एक गोष्ट या रस्त्याच्या बाजूने मोकळेपणाने सांगायला हवी. मोठं प्रोजेक्ट म्हणजे मोठाच बफर, असं आता राहिलेलं नाही. रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधलं अँटिसिपेटिव्ह एफएक्स किंवा क्यूबेसमधला असिओ गार्ड आधी रेकॉर्ड झालेल्या ट्रॅकचं गणित पुढचं पुढचं करून ठेवतात आणि फक्त आर्म केलेला, म्हणजे रेकॉर्डिंगसाठी सज्ज केलेला, ट्रॅक त्या लहान बफरवर धावतो. त्या एका ट्रॅकवरची प्लगिनची माळ मात्र एकामागून एकच मोजावी लागते, म्हणजे साधारण एकाच कोअरवर पडते. तिथे सोळा कोअर असून उपयोग नाही, एका कोअरचा वेग कामाला येतो. आणि त्या माळेत किंवा मास्टरवर लिनिअर फेज ईक्यू (मुळातच उशीर लावणारा एक प्रकारचा इक्वलायझर) किंवा पुढे बघून काम करणारा लिमिटर (आवाजाची शिखरं रोखणारा प्लगिन) असेल, तर बफर कितीही खाली आणा, त्याचा स्वतःचा उशीर तसाच राहतो. पुष्कळ जण कॉम्प्युटरला दोष देत बसतात आणि कारण मास्टरवरच्या एका लिमिटरमध्ये असतं. लॉजिक या मॅकवरच्या सॉफ्टवेअरमधला लो लेटन्सी मोड किंवा क्यूबेसमधलं कन्स्ट्रेन डिले कॉम्पेन्सेशन असे प्लगिन रेकॉर्डिंगपुरते बाजूला ठेवतं.

हे सगळं करून मिळतं काय, तर जे वाजवताय ते तयार स्वरूपात कानात येतं. अँप सिम्युलेटरमधून (गिटार अँपची नक्कल करणाऱ्या प्लगिनमधून) गिटार, व्हर्च्युअल पियानो, गाताना लागलीच होणारी पिच करेक्शन. यातलं काहीही दुसऱ्या रस्त्याने होत नाही.

डायरेक्ट मॉनिटरिंग

साध्या इंटरफेसवर हे एक बटण किंवा एक नॉब असतो. प्रीअँपमधून (माइकचा बारीक आवाज वाढवणाऱ्या भागातून) आलेला सिग्नल दुभागतो, एक भाग कॉम्प्युटरकडे जातो, दुसरा सरळ हेडफोनकडे. पूर्ण अ‍ॅनलॉग वाट असेल तर उशीर शून्य. इंटरफेसच्या पोटात डिजिटल मिक्सर असेल तर कन्व्हर्टरमधून आत-बाहेर जाण्याचा वेळ लागतो, पण तोही इतका थोडा की गाताना मला जाणवत नाही.

इथे एका गैरसमजाने बरेच लोक बिचकतात. बफर ५१२ किंवा १०२४वर ठेवला तर रेकॉर्ड झालेला टेक तालाच्या मागे पडेल, अशी भीती असते. तसं होत नाही. ड्रायव्हर आपली एकूण लेटन्सी, म्हणजे उशीर, सॉफ्टवेअरला कळवतो आणि सॉफ्टवेअर टेक तेवढा अलीकडे, आधीच्या वेळेला, सरकवून जागेवर बसवतं. ड्रायव्हर खरं बोलतोय का, हे तपासायचं असेल तर इंटरफेसच्या आउटपुटमधून इनपुटमध्ये एक केबल लावा, मेट्रोनोमचा ठोका वाजवून तोच परत रेकॉर्ड करा आणि मूळ ठोक्याशी ताडून पाहा. जितक्या सॅम्पलचा फरक दिसेल तितका सॉफ्टवेअरच्या रेकॉर्डिंग ऑफसेटमध्ये भरायचा. बफर, सॅम्पल रेट किंवा ड्रायव्हर बदलल्यावर पुन्हा एकदा तपासायचं. एवढं झालं की बफर कितीही मोठा असो, टेक जागच्या जागी.

तोटे अर्थातच आहेत. सॉफ्टवेअरमधलं इनपुट मॉनिटरिंग चालू राहिलं तर स्वतःचाच आवाज दोनदा ऐकू येतो. काही छोट्या इंटरफेसवर डायरेक्ट स्टिरिओवर असेल तर माइक फक्त डाव्या कानात येतो, तिथे मोनो करावं लागतं. पंच-इन करताना, म्हणजे टेकचा मधलाच तुकडा नव्याने रेकॉर्ड करताना, जुना टेक आणि चालू आवाज एकत्र कानात पडतात आणि नवख्या गायकाचा गोंधळ होतो. मी अशा वेळी जुना टेक वेगळ्या ट्रॅकवर ठेवून पंचच्या दोन ओळी आधीच बारीक करतो.

सगळ्यात मोठी तक्रार कोरड्या आवाजाची. रिव्हर्बशिवाय, म्हणजे घुमाऱ्याशिवाय, गायला कुणालाच आवडत नाही आणि ते रास्त आहे. पण याला एक फार चांगला तोडगा आहे आणि तो कमी लोक वापरतात याचं मला नेहमी वाईट वाटतं. गाण्याचा ट्रॅक आर्म करून त्याचं इनपुट मॉनिटरिंग चालू ठेवायचं, पण त्याचं मास्टरकडे जाणारं आउटपुट तोडायचं. फक्त एक प्री-फेडर सेंड (ट्रॅकच्या आवाजाच्या पट्टीआधीच काढलेली शाखा) रिव्हर्बच्या बसवर, म्हणजे त्याच्या वेगळ्या वाटेवर, न्यायचा आणि रिव्हर्ब शंभर टक्के वेट ठेवायचा, म्हणजे त्यातून मूळ आवाज अजिबात येणार नाही. आता कोरडा आवाज इंटरफेसमधून त्याच क्षणी येतो आणि सॉफ्टवेअरमधून फक्त त्याचा रिव्हर्ब येतो. २५६च्या बफरवर तो दहा-पंधरा मिलिसेकंद उशिराने येईल. येऊ द्या. रिव्हर्बला आपण एरवी मुद्दाम वीस-तीस मिलिसेकंदांचा प्री-डिले (घुमारा सुरू होण्याआधीची थांबणी) लावतोच की. तो नॉब तेवढा कमी करायचा आणि जो उशीर इतका वेळ शत्रू होता तोच कामाला लागतो. ज्या गायकांबरोबर मी हे करून पाहिलं, त्यांच्यापैकी कुणालाही रिव्हर्ब कुठून येतोय याचा पत्ता लागला नाही, आणि लागायचं कारणही नव्हतं.

ज्या एका गोष्टीने माझं ठरलं

चोख केलेल्या कॉम्प्युटरवर मी बराच काळ समाधानी होतो. १२८वर काम चालायचं, हाताला छान वाटायचं. खटकायचं ते एकच. गायक लांब स्वर धरून बसलाय, टेक रंगलाय, आणि मध्येच बारीकसा ‘कट्ट’. तो पुसट असतो, अर्ध्या वेळा वाटतं आपल्याच कानाचा भास. पण आता प्रश्न पडतो की तो आवाज फाइलमध्ये गेलाय की फक्त हेडफोनमध्ये वाजलाय? बाहेर जाणारा बफर हुकला असेल तर फाइल स्वच्छ आहे. आत येणारा हुकला असेल तर स्वराला कायमचा चरा पडलाय. ऐकताना हे ओळखता येत नाही. सॉफ्टवेअर फार तर ड्रॉपआउट झाल्याचा एक दिवा लावतं.

मग थांबायचं का? थांबलो आणि फाइल स्वच्छ निघाली, तर चांगला चाललेला टेक आपण विनाकारण मोडला. नाही थांबलो, तर टेक संपेपर्यंत माझं लक्ष गाण्यावर नाही, त्या एका जागेवर. आणि गायकाच्या कानातही तो आवाज गेलेला असतो. तो आपल्याकडे बघतो. आपण हात हलवून ‘चालू दे’ म्हणतो, पण त्याच्या पुढच्या ओळीत तो आधीचा सैलपणा नसतो. सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका तुटलेला आवाज अख्ख्या अंतऱ्याचा जीव घेतो. चरा दुरुस्त करणारी सॉफ्टवेअर आज चांगली आहेत, टाळीच्या किंवा ढोलाच्या आवाजात असं काही सहज बुजवता येतं. पण शांत ‘आ’कारावर केलेली डागडुजी मला दर वेळी ऐकू येते. कदाचित ती कुठे आहे हे मला ठाऊक असतं म्हणून.

आणि याचा कायमचा बंदोबस्त होत नाही, हे खरं दुखणं. बसवलेली घडी ऑपरेटिंग सिस्टिमच्या अपडेटने विस्कटते. एखादा नवा ग्राफिक्स ड्रायव्हर येतो, पॉवर प्लॅन मूळ पदावर जातो, बंद केलेलं वायफाय पुन्हा चालू होतं. काल शांत असलेलं मशीन आज का कुरकुरतंय ते शोधत बसायचं, आणि तेही नेमकं कुणीतरी गायला आलेलं असताना. लेटन्सीमॉन अर्धा तास हिरवा दाखवतो, आणि तुम्ही रेकॉर्डचं बटण दाबल्यावर काय होईल याची हमी तो देऊ शकत नाही.

डायरेक्ट मॉनिटरिंगमध्ये गायकाचा आवाज कॉम्प्युटरमधून जातच नाही, त्यामुळे कॉम्प्युटर अडखळला तरी त्याच्या कानातला स्वतःचा आवाज तुटत नाही. आणि बफर ५१२ असल्यावर कॉम्प्युटरला १.३३च्या जागी १०.६७ मिलिसेकंद मिळतात, तर तो अडखळतो कशाला. टेक चालू असताना मी मीटरकडे बघणं सोडून दिलं, हा फरक माझ्या दृष्टीने कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा आहे. गाणाऱ्याकडे बघायला मिळतं.

तरीही सरसकट सल्ला देणं बरोबर होणार नाही. तुमचं बहुतेक काम व्हर्च्युअल वाद्यांवर असेल, मिडी कीबोर्ड (आवाज नव्हे, कुठला स्वर कधी दाबला एवढंच पाठवणारा) हेच मुख्य साधन असेल, तर डायरेक्ट मॉनिटरिंग तुमच्या काही कामाचं नाही, कारण ऐकायला आवाजच कॉम्प्युटरमध्ये तयार होतो. तिथे मशीन चोख करण्याला पर्याय नाही, आणि वरची सगळी खटपट सार्थकी लागते. शिवाय वाद्याचा टेक मिडीमध्ये असतो, ऐकताना ‘कट्ट’ झालं तरी नोंदलेल्या स्वरांना धक्का लागत नाही. माझी मुख्य तक्रारच तिथे उरत नाही. जड अँप सिम्युलेटरवर, त्याच्याच सस्टेनवर विसंबून वाजवणाऱ्या गिटारवादकालाही मी कोरडा डीआय (गिटारमधून थेट इंटरफेसमध्ये आलेला अँपशिवायचा आवाज) ऐकत वाजव असं म्हणणार नाही.

मधला एक मार्ग आहे. युनिव्हर्सल ऑडिओच्या अपोलोसारख्या इंटरफेसमध्ये प्लगिन चालवणारी चिप आतच असते, आरएमईच्या काही मॉडेलमध्ये टोटलमिक्स या त्यांच्या मिक्सरला ईक्यू आणि रिव्हर्ब जोडलेला असतो. रिव्हर्ब, कॉम्प्रेसर, ईक्यू सगळं कॉम्प्युटरला न विचारता कानात येतं. खर्च झेपत असेल तर उत्तम, पण जे इफेक्ट त्या चिपवर चालतात तेवढेच वापरता येतात हे घेण्याआधी बघावं. फक्त गाण्याला रिव्हर्ब हवाय म्हणून एवढं करायची गरज नाही, सेंडचा तोडगा ते काम करतो.

माझ्याकडे सध्याची मांडणी अशी आहे. गायन आणि ध्वनिक गिटार ५१२वर, डायरेक्ट. कानात रिव्हर्ब हवा असेल तेव्हा सेंडची व्यवस्था लावून २५६. कीबोर्ड वाजवायचा असेल तेव्हा १२८, आणि जड ट्रॅक आधी फ्रीझ करून, म्हणजे प्लगिनसकट तयार फाइल बनवून. इलेक्ट्रिक गिटारचा कोरडा डीआय कॉम्प्युटरकडे जातो आणि वाजवणारा मात्र पेडलमधून निघालेला आवाज ऐकतो, अँप सिम्युलेटर नंतर चढवतो. वायफाय बंद आणि पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्स एवढे दोन बदल मी ठेवले आहेत, बायॉसला हात लावणं सोडून दिलं आहे.

ठरवण्याआधी एवढं करून बघा. तुमच्या मशीनला झेपेल तो सगळ्यात लहान बफर लावा, डोळे मिटून मध्यम पट्टीत एक लांब ‘आ’ धरा आणि दुसऱ्या कुणाला तरी डायरेक्ट आणि सॉफ्टवेअर मॉनिटरिंग आलटून पालटून बदलायला सांगा, दोन्हींचा आवाज सारख्या पातळीवर ठेवून. आवाजाचा पोत बदललेला जाणवला नाही, तर पहिला रस्ता तुम्हाला पुरेल. जाणवला, तर आधी डायरेक्टचा नॉब फिरवून एक पूर्ण गाणं रेकॉर्ड करा आणि नंतरच मशीनच्या सेटिंगकडे वळा.